वाचकांचे प्रश्न : खत, पेरणीची दाटी आणि तण

प्रश्न : गहू महिन्याभराचा झाल्यावर पिवळा पडू लागला, म्हणून मी शिफारशीच्या सव्वापट युरिया फोकून दिला. पीक हिरवे झाले, परंतु त्याच्या बरोबरीने चाकवत आणि रानओट इतके माजले की निसवणीच्या वेळी ओंब्यांच्या आधी रानओटाचे तुरेच नजरेत भरत होते. पीक सशक्त असले की ते तणाला दाबून टाकते, असे सर्वच जाणकार सांगतात. मग माझे चुकले कुठे? यापुढे खत वाढवावे की कमी करावे?

उत्तर : सशक्त पीक तणाला दाबते हे खरे आहे, मात्र त्यात एक अट गृहीत धरलेली असते आणि ती बहुधा सांगायची राहून जाते. पीक तणाच्या आधी सशक्त झालेले असावे लागते. जमिनीत पडलेला नत्र कोणाला पेरले आणि कोण आपोआप उगवले याचा विचार करीत नाही. ज्याची मुळे त्याच्यापर्यंत अगोदर पोचतात आणि ज्याच्या पानांना तो पचवण्याइतका प्रकाश मिळतो, त्याच्या वाट्याला तो जातो. आपण युरिया दिला तेव्हा रानओट गव्हाच्या उंचीला आलेला असणार आणि चाकवताला ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात भरपूर ऊन मिळत असणार. त्या अवस्थेत फोकलेले खत दोघांच्याही ताटात सारखेच पडले.

किंबहुना सारखे पडले असे म्हणणेही तणावर उपकार केल्यासारखे होईल. नत्र ओरपण्याची अनेक तणांची ताकद गव्हाहून मोठी आहे. कॅनडात रॉबर्ट ब्लॅकशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ तणांना नत्राच्या चढत्या मात्रा देऊन त्यांची तुलना गव्हाशी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नत्र वाढत गेला तसतशी १५ तणांची जमिनीवरची वाढ गव्हाच्या तुलनेत जास्त वेगाने वाढत गेली. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. गव्हाला आपण पिढ्यान्‌पिढ्या दाण्यासाठी निवडत आलो. तणाची निवड मात्र आपल्या शेतांनीच केली आहे, आणि खत घातलेल्या जमिनीत जे चटकन वाढून चटकन बी धरतात तेच त्या निवडीत टिकले आहेत. शिवाय नायट्रेटमुळे काही तणांच्या बियांची सुप्तावस्थाही मोडते. चाकवत हे त्याचे ठळक उदाहरण असून बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळांत सुप्त बियाणे जागे करण्यासाठी पोटॅशियम नायट्रेटचे पाणी वापरण्याची पद्धत आहे. मातीच्या वरच्या थरात पसरलेले खत म्हणूनच उगवलेल्या तणाला खाऊ घालते, आणि न उगवलेल्यालाही हाक मारते.

आता प्रकाशाकडे पाहू, कारण या झुंजीचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. पाणी आणि अन्नद्रव्ये यांच्यासाठी मुळांची जी चढाओढ होते, तीत लहान झाडाला त्याच्या आकाराच्या मानाने थोडा तरी वाटा मिळतो. उन्हाच्या बाबतीत तसे नाही. जो दोन बोटे उंच आहे तो खालच्यावर सावली धरतो आणि खालचा वरच्यावर धरू शकत नाही, त्यामुळे सुरुवातीचा किरकोळ फरक पुढे दुपटी-तिपटीने वाढत जातो. एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे चार चौरस मीटर पाने पसरली की ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश वरच अडतो. अशा दाट गव्हात वाकून एखादे चाकवताचे रोप उपटून पाहावे. त्याचा दांडा दोऱ्यासारखा बारीक व फिकट असतो, खालची पाने पिवळी पडून गळालेली असतात आणि मूळ बोटभरसुद्धा नसते. त्याच शेतात पाभरीची एखादी नळी बुजल्यामुळे जिथे ओळ चुकलेली असते, तिथले चाकवत कमरेला लागते आणि ते उपटताना मुठीएवढे ढेकूळ सोबत येते. जमीन, खत, पाणी सगळे एकच आहे. अंतर पडले ते फक्त शेजारी गहू असण्या-नसण्याने.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, खताचे प्रमाण हा दुसरा प्रश्न आहे. ते कधी दिले, कुठे दिले आणि त्या वेळी जमीन पिकाने किती झाकली होती, हे तीन मुद्दे त्याच्या आधी येतात. गव्हाची मुकुटमुळे, म्हणजे दांड्याच्या बुडाशी फुटणारी मुख्य मुळे, पेरणीनंतर साधारण २० ते २५ दिवसांनी फुटतात आणि फुटवेही त्याच सुमारास येऊ लागतात. नत्राचा वरखताचा हप्ता या अवस्थेला द्यावा, आणि तोही खुरपणी झाल्यावर. खुरपणीआधी आठवडाभर दिलेला युरिया म्हणजे उपटून बांधावर टाकायच्या तणाला दिलेली मेजवानी होय. पेरणीच्या वेळचे खत शक्यतो बियाण्याच्या बाजूला व खाली, सुमारे ५ सेंटिमीटरवर पट्ट्यात पडेल असे पाहावे. बारीक बियांची बहुतेक तणे अगदी वरच्या थरातून उगवतात. त्यांची मुळे पट्ट्यापर्यंत पोचण्याच्या आत गव्हाची पहिली मुळे तिथे गेलेली असतात. स्फुरदाच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी, कारण नत्र पाण्याबरोबर सरकतो, परंतु स्फुरद जिथे पडतो तिथेच बहुतांशी अडकून राहतो. मात्र युरिया बियाण्याला चिकटून पडू देऊ नये, कारण त्यातून सुटणारा अमोनिया कोंबालाच मारतो.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गहू पेरण्याचा प्रयोग चालू आहे. त्या शेताच्या एका भागात तणनाशक आजवर कधीच वापरलेले नाही. नत्र वाढत जातो तसतशी तिथल्या तणांच्या जातींची संख्या घटत जाते आणि नत्र मुळीच न मिळालेल्या तुकड्यात हवेतला नत्र वापरू शकणारी शेंगावर्गीय तणे टिकून राहतात. तणांच्या जाती कमी झाल्या म्हणून तणाचा त्रास कमी झाला असे मात्र समजू नये, कारण उरतात ती नत्रावर पोसणारी, गव्हाच्या तोडीची तणे. खतामुळे तणाचा बंदोबस्त होत नाही, तर कोणत्या तणाशी गाठ पडणार हे बदलते, असा या प्रयोगाचा मी तरी अर्थ लावतो.

जाता जाता एक शंका. पिवळेपणा दरवेळी नत्राच्या कमतरतेचाच असतो असे नाही. पाणी साचून मुळे गुदमरली तरी पीक पिवळे पडते, आणि तेव्हा युरिया देण्याआधी पाण्याचा निचरा करावा लागतो.

प्रश्न : दाट पेरावे असे आपण सुचवता, पण किती दाट? मी दरवर्षी हेक्टरी १०० किलो गहू पेरतो. तो दीडपट केला तर चालेल का?

उत्तर : किलोत विचार करण्याची सवय सोडल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तणाशी झुंजतात ती रोपे, आणि एका किलोत किती रोपे दडलेली आहेत हे दाण्याच्या वजनावर अवलंबून असते. हजार दाण्यांचे वजन ३८ ग्रॅम असलेले बियाणे हेक्टरी १०० किलो पेरले तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २६३ दाणे पडतात. तेच वजन ५० ग्रॅम असेल तर २०० दाणे पडतात. दोन्हींची उगवण ८५ टक्के धरली, तर एका शेतात चौरस मीटरला २२४ रोपे उभी राहतील आणि दुसऱ्यात १७०. दोघेही शेतकरी आपण १०० किलो पेरल्याचे सांगतील आणि एकाला तणाने का छळले याचे कोडे दुसऱ्याला उलगडणार नाही.

हिशेब सोपा आहे. चौरस मीटरला जितकी रोपे हवीत, त्या संख्येला हजार दाण्यांच्या ग्रॅममधील वजनाने गुणावे आणि उगवणीच्या टक्केवारीने भागावे. येणारे उत्तर हेक्टरी किलोत असते. ३०० रोपे हवी असतील, तर वरच्या पहिल्या बियाण्याचे सुमारे १३४ किलो लागतील आणि दुसऱ्याचे १७६ किलो. शेतातली उगवण प्रयोगशाळेतल्या उगवणीहून नेहमी कमीच असते, हे लक्षात ठेवून थोडे अधिक धरावे. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी मीटरभर लांबीची काठी ओळीला लावून दहा ठिकाणी रोपे मोजावीत. ओळींतले अंतर २२.५ सेंटिमीटर असेल, तर चौरस मीटरला २५० रोपे म्हणजे काठीमागे ५६ रोपे. काही ठिकाणी ७० आणि काही ठिकाणी ३० भरली, तर सरासरी पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण तण माजणार ते त्या ३० च्या जागी.

दीडपट करावे का, याबद्दल माझे मत सावध आहे. दाटी वाढवल्याचा तणावर होणारा परिणाम सुरुवातीला मोठा असतो आणि पुढे ओसरत जातो. विरळ पीक नेहमीच्या दाटीला आणले की फरक डोळ्यांना दिसतो. नेहमीच्या दाटीची दुप्पट केली तर तितका दिसत नाही. जपानमधील तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की एका मर्यादेनंतर रोपे कितीही वाढवली तरी एकूण जैवभार, म्हणजे सर्व झाडांचे मिळून वजन, जवळजवळ तेवढाच राहतो, कारण प्रत्येक रोप त्या प्रमाणात लहान होत जाते. दाण्याचे उत्पादन तर त्या मर्यादेपलीकडे घटूही लागते. गव्हाचे फुटवे कमी येतात, दांडे बारीक होतात, आणि त्यावर भरपूर नत्र पडला की वाऱ्याच्या एका झोतासरशी पीक लोळते. लोळलेल्या पिकातून तण पुन्हा उन्हात डोके काढते, म्हणजे ज्यासाठी दाट पेरले तेच हातून जाते. दाट पिकात ओल कोंडून बुरशीजन्य रोगांनाही वाव मिळतो. केवळ जमिनीतल्या ओलीवर पीक काढायचे असेल, तर दाट पीक ती ओल लवकर संपवते आणि दाणा भरण्याच्या वेळी कोरडे पडते. या सर्व गोष्टी पाहता पाण्याची शाश्वती असेल तर सव्वापटीपर्यंत जावे, दांडा आखूड व ताठ असलेल्या वाणात थोडे अधिक चालेल, आणि पाण्याची शाश्वती नसेल तर आहे तीच रोपसंख्या सर्वत्र सारखी कशी उगवेल याकडे लक्ष द्यावे.

बियाणे वाढवण्याआधी ते चाळून घेतलेले बरे. टपोऱ्या दाण्यातून निघणारे रोप पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लहान दाण्याच्या रोपापेक्षा रुंद पान टाकते, आणि झुंज त्याच आठवड्यांत ठरते.

प्रश्न : तण दाबायचे तर जमीन सगळीकडे सारखी झाकली गेली पाहिजे, मग ओळीत पेरण्यापेक्षा फोकून पेरणे अधिक योग्य नाही का?

उत्तर : तर्क अर्धा बरोबर आहे. ओळीत पेरताना आपण रोपांची आपसातच भांडणे लावतो. २२.५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत चौरस मीटरला २५० दाणे पेरले, तर ओळीत दोन दाण्यांमध्ये जेमतेम १.८ सेंटिमीटर जागा उरते आणि ओळीच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंदीचा पट्टा तणासाठी मोकळा सोडलेला असतो. अंतर १५ सेंटिमीटर केले तर तेवढेच बियाणे २.७ सेंटिमीटरवर पडते आणि पट्टाही लवकर झाकला जातो. डेन्मार्कमध्ये जेकब वायनर आणि सहकाऱ्यांनी चौरस मीटरला २०४, ४४९ आणि ७२१ अशा तीन दाटींत गहू पेरून नेहमीच्या ओळी आणि चौकटीसारखी सर्वत्र सारखी मांडणी यांची तुलना केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार सारख्या मांडणीत तणाचा जैवभार सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरला, आणि दाट व सारखी मांडणी एकत्र आली तेव्हा तण सर्वाधिक दबले.

परंतु त्या प्रयोगातील प्रत्येक दाणा यंत्राने ठरावीक खोलीवर पडला होता. फोकून पेरलेल्या गव्हात काही दाणे वरच राहून पाखरे टिपतात, काही ढेकळाखाली खोल जातात, आणि उगवण आठ-दहा दिवसांच्या फरकाने पुढेमागे होते. हा फरक परवडणारा नसतो. कॅनडात १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की रानओट पिकाच्या जितके दिवस आधी उगवतो, तितक्या प्रत्येक दिवसामागे उत्पादनातील घट सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. उशिरा उगवलेला फोकलेला दाणा या शर्यतीत उतरायच्या आधीच हरलेला असतो. त्यामुळे जवळच्या ओळी, किंवा निम्मे बियाणे उभे व निम्मे आडवे अशी दुहेरी पेरणी, हा मार्ग मला फोकण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो.

येथे एक निर्णय मात्र पेरणीपूर्वीच घ्यावा लागतो. आपण कोळपे चालवून तण काढणार असाल तर दोन ओळींमध्ये कोळप्याएवढी जागा ठेवावी आणि दोनदा तरी ते चालवावे. सावलीच्या भरवशावर राहणार असाल तर ओळी जवळ घ्याव्यात. मध्यम अंतर ठेवून पुढचे पुढे पाहू म्हणणाऱ्यांच्या शेतात कोळपेही जात नाही आणि सावलीही पडत नाही.

प्रश्न : हाच नियम मक्याला लावून रोपे दुप्पट केली तर?

उत्तर : नाही. गव्हाचे रोप जागा कमी पडली तर फुटवे कमी करून निभावून नेते. मक्याला तशी सोय नाही. दाटी फार झाली की स्त्रीकेसर उशिरा बाहेर येतात, तोवर परागकण झडून गेलेले असतात आणि कित्येक ताटांना कणीसच धरत नाही. शिफारशीच्या वरच्या टोकाची रोपसंख्या आणि जवळच्या ओळी इथवरच जावे. मका पहिले काही आठवडे जमीन उघडी ठेवतो, म्हणून तीन पानांपासून सुमारे आठ पानांपर्यंतच्या काळात शेत हातानेच स्वच्छ ठेवावे लागते. मक्याची पाने शेजारच्या हिरव्या तणावरून परतलेला, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल (फार-रेड) प्रकाश ओळखतात आणि प्रत्यक्ष सावली पडण्याच्या आधीच रोप उंच होण्याच्या मागे लागते. तण अजून लहानच तर आहे, असे म्हणत थांबणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : ज्वारीत टार्फुला येतो. तो दाट पेरणीने हटेल का? आणि खताचा काही उपयोग होतो का?

उत्तर : दाटीचा उपयोग इथे फारच थोडा, खताचा मात्र खरोखर आहे. टार्फुला परोपजीवी असल्याने तो जमिनीवर दिसण्याआधीच ज्वारीच्या मुळात घुसून तिचे अन्नपाणी शोषू लागलेला असतो. सावली पोचते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

त्याचे बी कसे जागे होते हे मोठे विलक्षण आहे. ज्वारीच्या मुळांना स्फुरद कमी पडू लागला की ती स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडतात. ही द्रव्ये मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला साद घालतात आणि ती बुरशी दूरवरचा स्फुरद आणून देते, हे २००५ साली जपानी संशोधकांनी उलगडले. टार्फुल्याचे धुळीएवढे बी वर्षानुवर्षे मातीत पडून ही साद आपल्यालाच आहे अशा थाटात ऐकत असते आणि मूळ जवळ आल्याची खात्री पटली की रुजते. ज्वारीत नत्राच्या टंचाईनेही हा स्राव वाढतो. म्हणजे जमीन जितकी भुकेली, तितके टार्फुल्याला आमंत्रण मोठे. पेरणीच्या वेळी स्फुरद आणि नत्राचा पहिला हप्ता ओळीतच दिला, तर मुळांना ओरडावे लागत नाही. पूर्वीचे साठलेले बी मात्र एका हंगामात संपणार नाही. फुले येण्याआधी प्रत्येक रोप उपटणे चालूच ठेवावे, कारण एकेक रोप हजारोंनी बिया टाकते.

प्रश्न : रासायनिक खताऐवजी शेणखत दिले तर तण कमी होईल ना?

उत्तर : पूर्ण कुजलेले असेल तर त्याने अपाय नाही. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून जनावरांच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडलेल्या तणांच्या बिया आपण स्वतःच शेतभर पेरतो. ढीग वरखाली करून, ओलसर ठेवून आत ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान काही दिवस राहू दिले, तर त्यातील बहुतेक बिया मरतात. ढिगाची कड थंड राहते, म्हणून कडेचा भाग वरखाली करताना मध्ये घ्यावा लागतो.

प्रश्न : एवढे सगळे केल्यावर खुरपणी किंवा तणनाशक यांची गरज उरेल का?

उत्तर : उरेल, पण कमी. दाट पिकाचा खरा लाभ पहिल्या खुरपणीनंतर मिळतो, कारण राहून गेलेले आणि मागाहून उगवलेले तण सावलीत खुरटते, व बी धरलेच तर मूठभर धरते. हराळी आणि लव्हाळा यांना मात्र या उपायांनी फारसा फरक पडत नाही. त्यांच्याकडे जमिनीत साठवलेली शिदोरी असते आणि त्या बळावर त्या पानांची छत्री फोडून वर येतात. त्यांचा बंदोबस्त पेरणीआधीच, नांगरटीनंतर गाठी व मुळे वेचून, करावा लागतो. तणनाशक वापरणाऱ्यांनाही दाटी उपयोगी पडते, कारण फवारणीतून वाचलेल्या झाडांना वाढायला जागा मिळाली, तर पुढच्या वर्षीचे बी त्यांचेच असते, आणि त्यातूनच औषधाला दाद न देणाऱ्या तणांच्या पिढ्या तयार होतात. पहिल्या खुरपणीला निघण्याआधी पाभरीच्या बुजलेल्या नळीमुळे पडलेले पट्टे तेवढे हेरून ठेवावेत. बायका-माणसे कमी असतील तर खुरपी प्रथम तिथे लावावीत.